डालग्याखालची चितरी

रूपेशचं लग्न २०२२ सालच्या वैशाखात झालं. त्याच्या दुसऱ्या वर्षी भादव्यात त्याची बायको प्रगती बारा दिवसांच्या प्रशिक्षणाला पुण्याला निघाली. रूपेश मास्तर, तो तेवढे दिवस शाळेच्या वसतिगृहावर राहायला गेला. म्हणून जाताना तिने आपली कुत्री सासऱ्याच्या ओट्यावर आणून ठेवली.

कुत्रीचं नाव बर्फी. पांढरी, केसाळ आणि अंगाने जेमतेम कोंबडीच्या दुप्पट. लेकीला सोबत व्हावी म्हणून प्रगतीच्या वडिलांनी, सुदर्शनरावांनी, ती नाशिकहून आणून दिली होती. रूपेश-प्रगतीच्या जव्हारच्या घरी ती गादीवर झोपायची. खोडाळ्याजवळच्या पाड्यावर सासऱ्याच्या, फागूच्या घरात गादी नव्हतीच.

"बाबा, जपा हां तिला," प्रगती म्हणाली.

लग्न झाल्यापासून सुनेने मागितलेली ही पहिली गोष्ट. एरवी ती यायची, चहा प्यायची आणि चारच्या जीपने परत जायची.

जीप गेल्यावर सासू रामी नवऱ्याला म्हणाली, "ही धड राहिली तर सून मुक्कामाला येल. हिला काय झाला, तर चहालापन येणार नाय."

दोन दिवस बरे गेले. तिसऱ्या दिवशी बर्फी म्हशींच्या मागे गवतात शिरली आणि संध्याकाळी कान खाजवत परतली. रामीने केस बाजूला करून पाहिलं. कानामागे, मानेवर, बोटांच्या बेचक्यांत गोचिडीच गोचिडी, कोणी मूठभर नागली पेरल्यासारख्या.

फागूने गोठ्यातून गोचिडीच्या औषधाची बाटली आणली. "म्हशीला बादलीभर पाण्यात एक बूच. हिला चार थेंब बास."

"ठेव ती खाली! म्हैस केवढी, ही केवढी! आधी डाक्टरला इचार."

सकाळी फागू बर्फीला पिशवीत घालून, बाटली बरोबर घेऊन खोडाळ्याला गुरांच्या डॉक्टरकडे गेला. भावेश डॉक्टर बाटली बघून खुर्चीवरून उठलेच.

"हे लावलं नाही ना? ही अंग चाटते, आजोबा. चाटून मरेल."

"मग रॉकेल चोळू?"

"नाही."

"तंबाखूचा पाणी?"

"तेही नाही!"

"मग काय, मी बसून खाऊ एकेक?"

"खाऊ नका, काढा," डॉक्टर हसले. त्यांनी एक चिमटा दिला. "कातडीलगत धरायची, सरळ ओढायची. चिरडायची नाही. साबणाच्या पाण्यात टाकायची. लहान कुत्र्यांचं वेगळं औषध असतं, ते मी नाशिकहून मागवतो. पाच दिवस लागतील. पण ते वजनावर असतं. हिचं वजन सांगा."

"तुम्हीच बघा ना."

"मी बैलाला फीत लावून वजन काढतो. फितीत ही तीन वेळा गुंडाळली जाईल. बाजारात मोजून आणा."

बाजारात कांदेवाल्याने बर्फीला पारड्यात ठेवलं आणि लगेच गर्दी जमली.

"विकतोस का, बाबा?"

"मोजतो."

"काय भाव किलोला?"

"तुझी सासू दे, बदल्यात देतो," फागू म्हणाला.

बर्फी पारड्यात डोळे मिटून बसली होती. काटा साडेतीन किलोवर थांबला. मागून कोणीतरी ओरडलं, "शेपूट बाहेर राहिली!" मग शेपूट आत घेऊन पुन्हा मोजणी झाली. वजन तेवढंच भरलं.

घरी येऊन फागू चिमटा घेऊन बसला. त्याला गोचीड दिसेना. त्याने धरली, ती गोचीड नव्हती, बर्फीचं कातडं होतं. बर्फी केकाटत चुलीमागे गेली. रामीला दिसत होतं, पण तिचा हात थरथरायचा. दुपारपर्यंत दोघांनी मिळून दोन गोचिडी काढल्या. तेवढ्यात गवतातून चार नव्या आल्या असतील.

"सून गेली आपली," रामी म्हणाली आणि बर्फीला मांडीवर घेऊन ओसरीवर टेकली.

रामीची एक कोंबडी होती, चितरी. पावसाळ्यातल्या रोगाने बाकीच्या साऱ्या मेल्या, ही एकटी उरली. रोज दुपारी म्हशी बसल्या की ती त्यांच्या कानांत, पोटाखाली चोच घालून गोचिडी टिपायची. हे पाड्यावर सगळ्यांनी जन्मभर पाहिलेलं, म्हणून कोणीच पाहत नसे. त्या दिवशी म्हशी रानातून परतल्या नव्हत्या. चितरी ओसरीवर आली. मान वाकडी करून तिने बर्फीकडे पाहिलं आणि टुक्!

बर्फी हललीसुद्धा नाही.

रामीने हळूच पदर बर्फीच्या डोळ्यांवर धरला. टुक्. टुक्. चितरी कानामागून मानेवर गेली, मानेवरून पायाशी आली. फागूला जी गोचीड चष्मा लावूनही दिसत नव्हती, ती तिला केसांच्या तळाशी दिसत होती. एक केस उपटला नाही, की कुठे रक्ताचा थेंब आला नाही. शेवटी बर्फीने आपण होऊन पंजा पुढे केला. चितरीने बोटांच्या बेचक्या साफ केल्या आणि मातीत चोच पुसली. दोघं म्हातारी श्वास धरून बसली होती.

"मी पन्नास वर्षं कोंबड्या खाल्ल्या," फागू हळू आवाजात म्हणाला. "एकपन नीट बघितली नाय."

मग रोज दुपारी तेच सुरू झालं. पाड्यावरची माणसं बघायला यायची, ओट्याखाली बसायची आणि देवळात बसल्यासारखी गप्प राहायची.

औषध आलं तेव्हा डॉक्टर स्वतः घेऊन आले. त्यांनी बर्फीला नखशिखांत तपासलं. मग परत एकदा तपासलं.

"कोणी काढल्या?"

रामीने चितरीकडे बोट केलं. डॉक्टरांनी बर्फीच्या मानेमागे, जिथे तिची जीभ पोचत नाही तिथे, थेंब सोडले. "पुढच्या गोचिडींना हे औषध. पण आता हे कोंबडीच्या पोटात जायला नको. मी सांगेपर्यंत तिला लांब ठेवा."

रामीने चितरीला बांबूच्या टोपलीखाली, डालग्याखाली झाकली. बर्फी दुरून डालग्याकडे तोंड करून बसली.

बाराव्या दिवशी जीप आली. प्रगती उतरली, रूपेश उतरला आणि त्यांच्यामागून सुदर्शनराव उतरले. लग्नानंतर व्याही पहिल्यांदाच दारात आलेले. व्याही आला की कोंबडी पडायचीच. ओट्यावर डालगं पालथं दिसलं आणि आतून कोकलणं ऐकू आलं.

"बाबांनी तयारच ठेवलीय!" रूपेश खूश होऊन सुरी शोधायला गेला.

व्याह्यासमोर 'कापू नको' म्हणणार कसं? "ती... जून हाय रे," फागू म्हणाला. "शिजायची नाय."

"शिजू द्या सावकाश," सुदर्शनराव म्हणाले. "आम्हाला घाई नाही."

रूपेशने डालग्याला हात घातला. त्याच क्षणी साडेतीन किलोची बर्फी डालग्यावर चढली, दात विचकले आणि अशी गुरगुरली की रूपेशच्या हातातली सुरी पडली. त्याने पुन्हा हात पुढे केला. तिने त्याचा अंगठा धरला.

"बर्फी!" प्रगती धावली. "आई, ही आजवर मांजरावरसुद्धा गुरगुरली नाही. काय झालंय हिला?"

मग रामीने सारं सांगितलं. बाटली, पारडं, चिमटा, चितरी. प्रगती बर्फीचे केस बाजूला करत गेली. कानामागे, मानेच्या कडेला, बोटांच्या बेचक्यांत. कुठे काही नव्हतं. तिचे डोळे भरून आले. सुदर्शनरावांनी पायातल्या चपला काढल्या, डालग्यासमोर वाकले आणि हात जोडले.

"डॉक्टरीणबाई, चूक झाली. आम्हाला उडदाची डाळ चालेल."

त्या रात्री व्याह्याने नागलीची भाकर आणि उडदाची डाळ खाल्ली. पाड्यावर वर्षभर त्याची चर्चा झाली. प्रगती मुक्कामाला राहिली आणि पुढे प्रत्येक सुट्टीला येऊ लागली. फक्त जीपमधून उतरली की ती सासू-सासऱ्याच्या आधी खुराड्याकडे जायची.

"सून आली," फागू म्हणायचा.

"आली," रामी म्हणायची. "आपला नंबर यायचाय."

चितरी २०२५ सालच्या माघात, अमावास्येच्या आदल्या दिवशी, म्हातारी होऊन मेली. तिला कोणी खाल्लं नाही.