सुगंधाबाईंच्या कथरीचा चौथा कोपरा

गोंदियाजवळच्या गोरेगावच्या सुगंधाबाई हेडाऊ, वय बासष्ट, राहणार बाजारचौकाच्या मागे, यांच्यावर गेल्या शनिवारी सकाळी सव्वाअकरा वाजता गोंदियातल्या एका प्रदर्शनात भरमंडपात अन्याय झाला. त्यांनी शिवलेल्या कथरीचा कोपरा परीक्षकबाईंनी कात्रीने कापला. हे घडत होते तेव्हा सुगंधाबाई काय करत होत्या? त्या परीक्षकबाईंचा पदर उलटा करून पाहत होत्या.

हे शेवटचे वाक्य लिहू नकोस, आपली बाजू कमजोर होते, असे मला चार जणांनी सांगितले. पण मी अर्धे खरे लिहीत नाही. आणि समोरच्याच्या कपड्याची उलटी बाजू पाहिल्याशिवाय सुगंधाबाईंचे पान हलत नाही, हे अख्ख्या गोरेगावाला ठाऊक आहे. नमस्कार राहिला बाजूला, त्या आधी तुमची बाही धरतात, शिवण उलटवतात, अंगठ्याने चोळतात आणि निकाल देतात. "छापील." किंवा "विनलेलं." तिसरा निकाल नाही. विणलेल्या कापडाचा रंग आरपार असतो आणि छापलेल्याचा फक्त वरवर, एवढेच त्यांचे तत्त्वज्ञान. शेजारच्या लग्नात त्यांनी भर मांडवात नवरदेवाच्या शेरवानीचे टोक उलटले आणि नवरीच्या आईला म्हणाल्या, "छापील हाय व. पोरगा तरी पाह्यला ना नीट?"

मी पत्रके काढते. रेशनचे धान्य, बंद पडलेली एसटीची फेरी, शाळेचे गळके छप्पर, जे दिसेल त्यावर. तीन वर्षांपूर्वी मी सुगंधाबाईंच्या हातात पहिले पत्रक दिले, तर त्यांनी तेही उलटे केले. "मांगून कोराच हाय! अर्धीच गोठ सांगून राहिली काय व पोरी?" तेव्हापासून माझी पत्रके दोन्ही बाजूंनी छापलेली असतात.

त्यांचे घर कोष्ट्याचे. वडील लुगडी विणायचे. माग केव्हाच मोडीत गेला, पण मागाचा खड्डा पुढच्या खोलीत अजून आहे, आणि सुगंधाबाई त्याच खड्ड्यात पाय सोडून शिवायला बसतात. नवखा माणूस दारातून आत येतो आणि जमिनीतून अर्धी बाई उगवलेली पाहून मागे सरकतो. मीही सरकले होते.

कथरी म्हणजे गोधडी. आपल्याकडे ती कशी असते? जुन्या कपड्यांचे शंभर तुकडे, एकाला एक खेटून, डोळ्यांची जत्रा. सुगंधाबाईंची तशी नाही. परवा कापली ती कथरी घ्या. सगळी राखाडी, कोऱ्या जाड सुती कापडाची. उजव्या बाजूला जरा वर, मध्यात मुळीच नाही, करवतकाठी लुगड्याच्या किरमिजी काठाचा एक चौकोन. खाली हिरव्या पंच्याची एक बारीक पट्टी. बस्स. आणि या सगळ्यावर धावदोरा, सरळ नव्हे, तर धानाच्या बांध्यांचे धुरे, म्हणजे शेताचे बांध, जसे वळत जातात तसा वळत गेलेला. मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा चाटच पडले. हे या खड्ड्यातून निघाले? कुणी शिकवले या बाईला?

"शिकवाले काय लागते? वरतून पाहाले लागते," त्या म्हणाल्या.

हे त्या शब्दशः करतात. अंगणात तुकडे मांडायचे, भिंतीला शिडी लावायची आणि वर चढून पाहायचे. गुडघे दुखायला लागल्यापासून त्या येईल त्याला वर चढवतात. पोस्टमन चढतो, दूधवाला चढतो. मते मागायला आलेले एक उमेदवार गळ्यातल्या हारासकट चढले होते. वरून "छान आहे" म्हटलेले चालत नाही. "छान नोको सांगू. काय दिसते थे सांग." उमेदवार म्हणाले, विकास दिसतो. त्यांना लगेच खाली उतरवण्यात आले.

कामाची रीत कडक. कोरे कापड तीनदा धुवायचे, आटायचे तेवढे आधीच आटू द्यायचे. कापायच्या आधी एक धागा हळूच ओढून काढायचा, त्याची जी रेघ पडते तिच्यावरून कात्री न्यायची. विणलेले कापड वाकडे कापले की कडेने उसवत जाते. मी एकदा पट्टी आणि पेन घेऊन मदतीला बसले. त्यांनी पट्टी घेतली, चुलीजवळ ठेवली आणि म्हणाल्या, "रेघ कापडातच असते, बाई."

आता कोपऱ्याकडे येते. कथरीचे तीन कोपरे शिवून झाले की चौथा त्या उघडा ठेवतात. जिच्या घरची कथरी, त्या घरातले माणूस येते आणि त्या कोपऱ्यात चिमूटभर तांदूळ टाकते. मग कोपरा बंद. कथरी उपाशी जाऊ नये म्हणून. टाकणारे माणूस घरचेच हवे. जी शिवते तिने टाकायचे नाहीत, जो पांघरणार त्यानेही नाहीत. एकदा एक नोकरदार नवरा एकटाच कथरी न्यायला आला, घाईत होता. त्याला त्यांनी परत पाठवले. "बायकोले आन. नाई त मायले आन. तूच पांघरशील अन् तूच खाऊ घालशील, असं कुठी रायते काय?"

प्रदर्शनाला ती राखाडी कथरी न्यायची कल्पना माझी. हेही लिहिलेच पाहिजे.

"थे इकाची नाई," त्या म्हणाल्या. "माही हाय."

"विकू नका. लोकांना पाहू तर द्या!"

मी आठ दिवस मागे लागले. शेवटी त्यांनी ती घडी करून माझ्या हातात दिली, आणि शनिवारी सकाळच्या गाडीने स्वतःही आल्या.

मंडपात परीक्षकबाई आल्या. त्यांनी कथरीवरून हात फिरवला. "ये तो अधूरी है. आधी जगह खाली है."

"खाली नाई, मोकरी हाय," सुगंधाबाई म्हणाल्या, पण त्यांचे लक्ष एव्हाना बाईंच्या पदराकडे गेले होते.

बाईंचा हात कोपऱ्यावर आला. "यहाँ अंदर क्या है? गाँठ है?" शेजारी उभ्या स्वयंसेविकेने तत्परतेने कात्री पुढे केली. विचारणे नाही, थांबणे नाही. कच्च! लाल गालिच्यावर तांदूळ सांडले. "अरे, चावल! कीड़े लगेंगे इसमें!" आणि कागदावर शेरा पडला: सफाई नाही.

मी जोरात घोषणा दिली. एकटीनेच दिली, मागून कुणी साथ दिली नाही. मी सुगंधाबाईंकडे पाहिले. आता परीक्षकबाईंची काही धडगत नाही, असे मला वाटले होते. सुगंधाबाईंनी पदर सोडला. कथरी खाली काढली, कापलेला कोपरा मुठीत धरला आणि बसस्टँडचा रस्ता धरला. गोरेगाव येईपर्यंत त्यांनी माझ्या बाहीकडेसुद्धा पाहिले नाही.

सोमवारी मी पत्रक घेऊन गेले. तीन मागण्या होत्या: जाहीर माफी, शेरा रद्द, परीक्षकबाई बडतर्फ. त्या खड्ड्यात पाय सोडून बसल्या होत्या, मांडीवर कथरी. त्यांनी पत्रक दोन्ही बाजूंनी वाचले.

"फाड."

"काऊन?" मी ओरडलेच. "तुमच्या घरचे दाणे पायाखाली सांडले त्यांनी!"

"घरचे कोनाचे व? मीच टाकले होते."

"म्हणजे?" मी विचारले.

"शिवली मी. पांघरनार मी. दानेही मीच टाकले, दार लावून." त्या माझ्याकडे पाहत नव्हत्या. "बहीन होती तवर देवरीहून येऊन टाकत जाय. थे गेली. मंग चार हिवारे कोपरा उघडाच ठेवला. झोप नाई लागे. औंदा म्हटलं, टाकू बाप्पा आपनच, कोन पाहून राहिलं? बरं झालं कापला. खोटाच होता थो."

मी भिंतीला टेकले. अख्ख्या गावाचे वरवरचे रंग उघडे करणारी ही बाई दार लावून स्वतःलाच फसवत बसली होती, आणि मी त्या फसवणुकीच्या बचावासाठी पत्रक छापून आणले होते.

"मी टाकते," मी म्हणाले. "आत्ता टाकते."

"तू माह्या घरी जेवली काय कधी?"

मी आठवू लागले. तीन वर्षे मी या घरात येते. चहा प्यायले, तोही उभ्याने. नेहमी पुढची आळी, पुढचे दार, पुढचे पत्रक. जेवले नव्हते. एकदाही नाही.

"जेवल्याबिगर घरची कशी होशील?"

"मग वाढा," मी म्हणाले.

त्या खड्ड्यातून उठल्या आणि ताट शोधू लागल्या. एक होते. दुसरे सापडेना. शेवटी कपाटाखालून निघाले, त्यात दोऱ्याची रिळे आणि बटणे भरलेली. त्यांनी ती चटईवर ओतली, ताट राखेने घासले, पुन्हा धुतले, पुन्हा पुसले. हंडीत एका माणसाचाच भात होता. त्यांनी नवा टाकला. आम्ही भात आणि लाखोरीच्या डाळीचे वरण जेवलो. त्या मला वाढत राहिल्या आणि मी नाही म्हणाले नाही.

मग हात धुऊन मी कोपऱ्यात चिमूटभर तांदूळ टाकले. त्या आता शिवतील म्हणून थांबले. त्यांनी सुई कापडात खोवून ठेवली.

"एकाच जनीनं घर नाई होत, पोरी."

तेव्हा माझ्या तिन्ही मागण्या मी मागे घेते. परीक्षकबाईंना सोडून द्या. आता मागणी एकच आहे आणि ती तुमच्याकडे आहे. हे वाचणाऱ्या तुमच्याकडे, जे म्हाताऱ्या शेजारणीच्या दारातून "येतो हं मावशी" म्हणत पुढे जाता. गोरेगावला उतरा. बाजारचौकाच्या मागे कुणालाही विचारा. कथरी पाहायला आलो म्हणू नका, जेवायला आलो म्हणा. पोटभर जेवा, मग कोपऱ्यात चिमूट टाका. ताट आपले आपण आणा, तिथे दोनच आहेत. आणि थंडी पडायच्या आत या.