ऑपरेशनला निघालेली काळी गाडी

बायकोच्या गुडघ्याच्या ऑपरेशनला टॅक्सीने नाही, आपल्याच गाडीने जायचं, असं हेडक्लार्कसाहेबांनी ठरवलं आणि तिथेच सगळं बिनसलं. बाई आधीच धास्तावल्या होत्या. "मी परत येईन ना हो?" हे आठवडाभरात चाळीस वेळा विचारून झालं होतं. दोनदा तारीख पुढे ढकलली होती. आता टाळलंत तर पाय कायमचा आखडेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. बाईंचं मन जरा रमावं, एवढाच साहेबांचा हेतू होता. (हेतू नेहमी चांगलाच असे. तेच तर खरं दुखणं.)

गाडी सत्तर वर्षांची, लांबलचक, काळी कुळकुळीत. पत्रा हाताने ठोकलेला, डॅशबोर्ड अक्रोडाच्या लाकडाचा, आणि इंजिन इतकं शांत की चालू आहे की बंद, ते वाकून बघावं लागे. बहुतेक वेळा बंदच असे. अकरा वर्षं साहेबांनी तिची सेवा केली होती. तेवढी कुणा माणसाची केली असती तर पुण्य तरी लागलं असतं.

कातडी सीट खराब होऊ नये म्हणून त्यांनी मागे पांढरी चादर अंथरली. पाय दुमडत नव्हता, म्हणून बाईंना आडवं केलं. मेहुणीने आणलेला फुलांचा गुच्छ मागच्या काचेशी ठेवला. हेडलाइट एकदा लागले की विझत नसत आणि गाडी दुसऱ्या गियरच्या पुढे जात नसे. अशा थाटात भर सकाळी ते निघाले.

"घाबरू नकोस. या गाडीत मोठमोठी माणसं बसलीयत," साहेब म्हणाले. "पहिला मालक कारखानदार."

"मग?"

"तो गेला. मग एका बँकेच्या अध्यक्षांनी घेतली. तेही गेले. मग एक नामांकित सर्जन."

"ते तरी आहेत?"

"अगं, किती वर्षं झाली त्याला."

बाईंनी चादरीचं टोक गळ्यापर्यंत ओढून घेतलं.

चौकात एका स्कूटरवाल्याने थांबून हेल्मेट काढलं. न्हाव्याने दुकानातला रेडिओ बंद केला. मागे वीसेक गाड्या खोळंबल्या होत्या, पण कुणी हॉर्न वाजवेना.

"बघितलंस? जुन्या गाडीला अजून मान आहे," साहेब गहिवरून म्हणाले.

बघायला म्हणून बाई कोपर टेकून उठून बसल्या. फुटपाथवरच्या एक आजीबाई मटकन खाली बसल्या.

बाईंनी चादर पाहिली, फुलं पाहिली. "अहो, हा मान गाडीचा नाही. माझा आहे. मी गेलेय."

साहेबांनी घाईने ब्रेक दाबला. गाडी बंद पडली ती पडलीच. त्यांना रडू आवरेना. "तुला बरं वाटावं म्हणून आणली गं," एवढंच ते कसंबसं बोलले.

"टॅक्सी बोलवा," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज आठवड्यात पहिल्यांदाच स्थिर होता. "सगळ्या गावाने निरोप दिलाय. आता ऑपरेशनला कसली भितेय मी?"

ऑपरेशन छान झालं. बाई घरी आल्या त्याच दिवशी गल्लीच्या टोकाच्या वकिलांचा फोन आला. त्यांचे काका वारले होते. उद्यापुरती ती गाडी मिळेल का, असं विचारत होते.

"न्या की," बाई फोनवर म्हणाल्या. "बरोबर यांनाही पाठवते. चालवतील, ढकलतील, आणि चेहरा कसा ठेवायचा ते मुद्दाम सांगावं लागणार नाही."