चावी उंबऱ्यावर

गुरवकाकांनी एकट्यालाच चहाला बोलावलं, की समजावं, आपण माती खाल्ली आहे.

रत्नागिरीत माळनाक्याजवळ आमचं लहानसं सॉफ्टवेअरचं ऑफिस आहे. आंबा बागायतदारांच्या ऑर्डरी घेणारं ॲप आम्ही चालवतो. त्यात चोर शिरू नये हे बघायला काका रोज पालीहून एसटीने येतात. आमचा प्रत्येक प्रोग्राम आधी एक तपासणीचं टूल वाचतं आणि चुका लाल करून दाखवतं. तो अहवाल काकांनी फक्त स्वतःकडे वळवून घेतलाय. तो वाचला की टेबलाशी येऊन पुटपुटतात, "चल रे, घोटभर घेऊ." गुप्तता एवढी, की जिना उतरेपर्यंत अख्ख्या ऑफिसला कळलेलं असतं.

टपरीवर आधी आईची तब्येत विचारायची, मग भातलावणी. चहा संपता संपता हळूच, "मेल्या, पासवर्ड प्रोग्राममध्येच लिहून ठेवलास? घराला कुलूप नि चावी उंबऱ्यावर?"

कधी आमची परीक्षा घ्यायला परक्या नंबरवरून फोन करतात. "मुंबईहून साहेब बोलतोय, पासवर्ड सांगा." हेल अस्सल पालीचा. मी आवाज ओळखला आणि तरी पासवर्ड सांगून टाकला. काकांना नाही कसं म्हणायचं? त्याही दिवशी चहा झाला. "ओळखीच्या आवाजालाच माणूस फसतो, बाबा," म्हणाले.

गेल्या महिन्यात बाहेरचे तपासनीस यायचे होते. नोकरी सोडून गेलेल्यांची खाती बंद करायचं काम माझ्याकडे होतं. "माणूस गेला, त्याच दिवशी खातं बंद," हा नियम काकांचाच. तरी एक खातं चार वर्षं उघडं निघालं. मृणाल गुरव.

त्या दिवशी मीच त्यांना म्हटलं, "काका, चला, घोटभर घेऊ." ते काय ते समजले.

टपरीवर मी तब्येत विचारली. ते ग्लासात बघत म्हणाले, "लेक माझी. हयच कामाला होती. चावी उंबऱ्यावर ठेवणारी पहिली तीच. तेव्हा अहवाल सगळ्यांना जायचा. मी भर ऑफिसात ओरडलो तिच्यावर. बापाची ऐट, दुसरं काय! बंगळुरूला निघून गेली. फोन उचलत नाही." मग म्हणाले, "परत आली, तर तिचं तिला उघडं मिळावं, म्हणून ठेवलं."

उंबऱ्यावरची चावी माझ्या जिभेवर आली होती, ती मी गिळली. फार वाईट वाटलं.

"उद्या तपासणी आहे, काका."

"होय रे." त्यांनी ग्लास खाली ठेवला. "बंद केल्यावर कुणी त्या नावाने आत यायला बघितलं, तर नोंद होते ना?"

"होते की."

"मग कर बंद."

आता सकाळी आल्याबरोबर काका खांद्यावरची पिशवीसुद्धा काढत नाहीत. उभ्या उभ्याच, आत येता न आलेल्यांची यादी शेवटपर्यंत वाचतात. चोर शोधतायत, असं बाकीच्यांना वाटतं. यादी संपली की स्वतःशीच "आज नाही" म्हणतात आणि मग पिशवी खाली ठेवतात.