फक्त ओढ्यापलीकडे मिळेल

एका जंगलात वीज होती, बाळांनो. ती कुठून आली ते विचारू नका. जंगलातले प्राणी बोलतात हे तुम्ही चालवून घेता, तशी वीजही चालवून घ्या.

वीज होती म्हणून संगणक होते, आणि संगणक होते म्हणून गेम होते. दिवसभर चरून, खणून, चढून-उतरून दमलेले प्राणी संध्याकाळी आपापल्या बिळात, ढोलीत नाहीतर जाळीत बसून गेम खेळत.

गेम मिळायचे एकाच दुकानात. वडाखाली. दुकानाचे मालक घोरपडशेठ. ते दिवसभर खडकावर ऊन खात पडलेले असत. गेम कुणीही बनवो, विक्रीतला तिसरा हिस्सा शेठचा. त्याबद्दल कुणी काही बोलत नसे, कारण सगळ्यांचं सगळं तिथेच होतं. घेतलेले गेम तिथे, कोण कुठल्या टप्प्यावर पोचलंय त्याच्या खुणा तिथे, ओळखीपाळखीच्यांची यादीही तिथेच. कुणी खेळायला बसलं की यादीत त्याच्या नावापुढे हिरवा काजवा लागे. तो पाहून दुसरा विचारी, "येऊ का?"

असं रोज संध्याकाळी एकमेकांना विचारणारे दोघे होते. एक खंडोजी साळिंदर आणि दुसरी हौसा भेकर. खंडोजी भारी बोलका. मुद्दा मांडायला लागला की त्याचे काटे उभे राहत आणि शेजारचे दोन पावलं मागे सरत. हौसा बोलायची कमी आणि खेळायची छान.

दोघांचा आवडता गेम होता 'झुलता वेल'. तो तानीबाई शेकरूने बनवला होता. ऐनाच्या सगळ्यात उंच झाडावर ती दोन बहिणींबरोबर राहायची. पहिला भाग सगळ्या जंगलाने खेळला होता. दुसऱ्या भागावर तिघी तीन वर्षं राबत होत्या. वडाखाली पाटी लागलेली होती : 'झुलता वेल, भाग दोन. थंडी पडताच. इथे मिळेल.' हौसा रोज चरायला जाताना ती पाटी वाचून जायची.

आता तरसराव. त्यांनी ओढ्यापलीकडे नवं दुकान थाटलं होतं. त्यांचा स्वतःचा एक उड्या मारण्याचा गेम होता. जंगलातली सगळी पिल्लं त्याच्यामागे वेडी झाली होती आणि त्यातून तरसराव गबर झाले होते. दर गुरुवारी ते एक गेम फुकट वाटत. दर गुरुवारी सगळे ओढा ओलांडत, फुकटचा गेम घेत आणि परत येत. विकत कुणी काही घेत नसे. तरसराव तरीही हसत. त्यांचा चेहराच तसा होता.

थंडी पडायला पंधरा दिवस राहिले आणि वडाखालची पाटी गेली. दुसऱ्या दिवशी ती ओढ्यापलीकडे दिसली. मजकूर थोडा बदलला होता : 'झुलता वेल, भाग दोन. वर्षभर फक्त इथेच मिळेल.'

जंगल पेटलं. म्हणजे वणवा नाही, बाळांनो. सभा झाली.

खंडोजी दगडावर उभा राहिला. काटे आधीच उभे होते.

"मला तरसरावांच्या दुकानाबद्दल काही म्हणायचं नाही," तो म्हणाला. "दोन दुकानं असावीत, चार असावीत. पण चार दुकानांनी आपल्याला ओढायचं तर चांगली सोय देऊन ओढावं. त्यांनी काय केलं? माल पळवला आणि म्हणाले, या आता. तिथे गेमबद्दल बरं-वाईट लिहायला फळा नाही. आपली खूण जपून ठेवत नाहीत. यादी नाही, काजवा नाही. दोन गेम एकदम घ्यायचे म्हटलं तर टोपलीसुद्धा नाही. आज एक गेम पळवला. उद्या सगळेच असे वाटून घेतले, तर आपण काय दहा ओढे ओलांडायचे?"

यातलं अक्षरही खोटं नव्हतं. सगळ्यांनी माना डोलावल्या. हौसानेही डोलावली.

मग शिष्टमंडळ तानीबाईकडे गेलं. झाड उंच असल्यामुळे शिष्टमंडळ खाली उभं राहिलं आणि तानीबाई अर्ध्या खोडापर्यंत उतरली.

"बाई, तुम्ही शब्द दिला होता," खंडोजी म्हणाला.

"दिला होता," तानीबाई म्हणाली. "चुकलंच माझं. निदान पाटी लावायच्या आधी तरी ठरवायला हवं होतं."

"मग असं का केलंत?"

"तीन वर्षं तिघी यातच होतो. फळं गोळा करायला वेळ झाला नाही. गेल्या उन्हाळ्यात आम्ही झाडाच्या साली खाल्ल्या. घोरपडशेठना विचारलं, तर म्हणाले, खपला तर बघू. तरसराव म्हणाले, खपो न खपो, वर्षभर फळांच्या टोपल्या घरपोच. तुम्ही काय केलं असतंत?"

"पण कलेचं काय, बाई?"

"कला तीच आहे. दुकान बदललंय."

यावर खंडोजीकडे उत्तर नव्हतं. म्हणून तो मोठ्याने बोलू लागला. तानीबाई थोडा वेळ ऐकत राहिली आणि मग वर गेली.

शिष्टमंडळ घोरपडशेठकडे गेलं. शेठ दोन दिवस काही बोललेच नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी एक डोळा उघडला.

"माझ्या दुकानातले निम्म्याहून जास्त गेम दुसरीकडे कुठेच मिळत नाहीत," ते म्हणाले. "त्यावर तुम्ही आजवर कधी सभा घेतली नाहीत. आभारी आहे." आणि डोळा मिटला.

शिष्टमंडळाला हे नीट कळलं नाही. शेठ आपल्या बाजूने आहेत एवढं कळलं.

शेवटी सगळे तरसरावांकडे गेले. तरसराव हसून म्हणाले, "मागण्या लिहून द्या." यांनी लिहून दिल्या. फळा हवा, टोपली हवी, खुणा जपायला हव्यात, ओळखीच्यांची यादी आणि काजवे हवेत. तरसरावांनी कागद घेतला, घडी केली आणि एका दगडाखाली ठेवला.

मग बहिष्काराचं ठरलं. माळावरच्या कातळावर सगळ्यांनी चिखलाचा पंजा उमटवायचा आणि शपथ घ्यायची : वर्षभर 'झुलता वेल, भाग दोन' घेणार नाही, ओढ्यापलीकडे पाऊल टाकणार नाही.

"गुरुवारी सुद्धा?" गुणाजी खवलेमांजराने विचारलं.

पुन्हा चर्चा झाली. फुकटचा गेम घेतल्याने तरसरावांचं नुकसानच होतं, म्हणजे तो बहिष्काराचाच भाग झाला, असं ठरलं. शपथेत 'गुरुवार सोडून' एवढे दोन शब्द घातले.

एकेक करून सगळ्यांनी पंजे उमटवले. सोपानदादा रानगव्याने खूर उमटवला. हौसाची पाळी आली. ती जागची हलली नाही.

"चल ना," खंडोजी म्हणाला.

"मी नाही घेत शपथ."

"का ग? पटलं नाही का तुला?"

"सगळं पटलं. पण मला तो गेम खेळायचाय. तीन वर्षं वाट पाहिली."

"सगळ्यांनाच खेळायचाय. म्हणून तर शपथ."

"मला नाही जमायचं, खंडोजी. घेऊन मोडण्यापेक्षा नकोच."

खंडोजीचे काटे हळूहळू उभे राहिले. आजवर ते हौसासमोर कधी उभे राहिले नव्हते.

थंडी पडली. गेम आला. हौसा भरदिवसा, सगळ्यांसमोर ओढा ओलांडून गेली आणि गेम घेऊन आली.

त्या दिवसापासून पाणवठ्यावर तिच्या शेजारी कुणी उभं राहीना. ती आली की बोलणं थांबे. एके सकाळी तिच्या जाळीसमोरच्या दगडावर कुणीतरी चिखलाने 'गद्दार' लिहून ठेवलं. तिने ते शेपटीने पुसलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा लिहिलेलं होतं. मग तिने पुसायचं सोडून दिलं आणि पाण्याला पहाटे जायला लागली.

संध्याकाळी ती गेम खेळे. गेम फार सुरेख होता. तिला दर दोन उड्यांनंतर वाटे, हे खंडोजीला दाखवायला हवं. सहा टप्पे तिने एकटीने पार केले. सातव्या टप्प्यावर दरी लागली. दरीवर एक वेल लोंबत होता. त्याचं टोक कुणीतरी धरून ठेवलं तर पलीकडे जाता येत होतं. धरणारं कुणी नव्हतं. हौसाने आठ दिवस धडपड केली आणि शेवटी ऐनाच्या झाडाखाली जाऊन हाक मारली.

तानीबाई उतरली. चार महिन्यांत तिला कुणी हाक मारली नव्हती. शिव्या पुष्कळ आल्या होत्या, पण त्या खालून ओरडून द्यायच्या असल्यामुळे उतरायची गरज पडली नव्हती.

"सातवा टप्पा एकटीला जमत नाही," हौसा म्हणाली.

"दोघांसाठीच बनवलाय तो," तानीबाई म्हणाली. "मला वाटलं होतं, तुम्ही सगळे जोडीनेच खेळता."

तानीबाईने हौसाकडे पाहिलं आणि विचारलं, "मी येऊ का?"

चार संध्याकाळी दोघी खेळल्या. वेल कधी हिने धरला, कधी तिने. शेवटचं दृश्य आलं, तेव्हा तानीबाई पडद्याकडे बघतच नव्हती. ती हौसाच्या चेहऱ्याकडे बघत होती. तीन वर्षं तिला हाच चेहरा बघायचा होता.

इकडे बहिष्कार जोरात चालला होता. दर सोमवारी सभा व्हायची. खंडोजी बोलायचा, बाकीचे जांभया द्यायचे. सगळ्यांचे डोळे हल्ली तांबडे दिसत. एकदा सभेत गुणाजी नकळत एक चाल गुणगुणायला लागला.

"ही सहाव्या टप्प्याची चाल आहे," खंडोजी ओरडला. "कुठे ऐकलीस?"

"वाऱ्यावर आली असेल," गुणाजी म्हणाला.

ती चाल सहाव्या टप्प्याची आहे हे खंडोजीला कसं कळलं, ते कुणी विचारलं नाही.

असे अकरा महिने गेले. मग एका गुरुवारी ओढ्यापलीकडे नवी पाटी दिसली : 'मागण्या मान्य. आजपासून ओळखीच्यांची यादी आणि काजवे.' तरसरावांनी दगड उचलला होता. फळा नव्हता, टोपली नव्हती, पण यादी होती.

सगळे फुकटचा गेम घ्यायला आले होतेच. दुकानासमोरचा मोठा पडदा लागला आणि यादी उलगडायला लागली. नाव, किती तास खेळलं, कुठल्या टप्प्यावर. खुणा न जपणाऱ्या दुकानाने एवढी नोंद मात्र ठेवली होती.

गुणाजी खवलेमांजर. 'झुलता वेल, भाग दोन'. एकशे नव्वद तास. टप्पा सातवा.

सोपानदादा रानगवा. साठ तास. टप्पा तिसरा. दादांना मध्येच झोप लागत असे.

यादी खाली सरकत राहिली. ससे, सांबरं, मुंगसं, उदमांजरं. कातळावर ज्यांचे पंजे होते ते सगळे. दादा सोडून सगळ्यांचा टप्पा सातवा. आणि सगळ्यात जास्त तास :

खंडोजी साळिंदर. चारशे बारा. टप्पा सातवा.

तरसराव हसत होते. पण ते नेहमीच हसत असल्याने त्यावरून काही ठरवता येईना.

यादीच्या तळाशी एकच नाव सातव्याच्या पुढे होतं. हौसा भेकर. पूर्ण.

बराच वेळ कुणी कुणाकडे पाहिलं नाही. मग खंडोजी घसा साफ करून म्हणाला, "मी दुकानाच्या सोयींची पाहणी करत होतो."

"आम्हीपण," बाकीचे म्हणाले.

गुणाजीला मात्र राहवेना. मागे उभ्या असलेल्या हौसाजवळ जाऊन तो हळूच म्हणाला, "हौसा, दरीच्या पलीकडे काय आहे ग?"

"छान आहे," हौसा म्हणाली.

"आम्हाला काही जमेना."

"एकट्याला जमतच नाही ते. दोघं लागतात."

हे सगळ्यांनी ऐकलं. शेजारशेजारच्या बिळांत, एकाच दरीच्या काठावर, जो तो अकरा महिने एकटा बसून होता. विचारायचं तर कबूल करावं लागलं असतं.

गर्दी पांगल्यावर खंडोजी हौसापाशी आला. काटे अगदी अंगाला चिकटले होते.

"तुला रोज बोलवावंसं वाटायचं," तो म्हणाला.

"मग?"

"मग तू म्हणाली असतीस, तू इथे कसा?"

"म्हणाले असते," हौसा म्हणाली. "आणि मग खेळलो असतो."

खंडोजीला काही सुचलं नाही. तो ओढा ओलांडून गेला.

पण सोमवारच्या सभेपर्यंत त्याला सुचलं होतं. तरसरावांनी चारातली एक मागणी मान्य केली, म्हणून बहिष्कार यशस्वी झाल्याचं सभेने एकमताने जाहीर केलं. शत्रूच्या दुकानात शिरून, जिवावर उदार होऊन पाहणी करणाऱ्या सगळ्यांना पानांचे हार घातले. खंडोजीची पाहणी चारशे बारा तासांची असल्याने त्याला दोन हार मिळाले. हौसाला हार नव्हता. तिने पाहणी केली नव्हती, नुसता गेम घेतला होता. तिच्या जाळीसमोरच्या दगडावरचं अक्षर पुसायचा विषयही निघाला. तो पुढच्या सभेवर ढकलला.

हौसा सभेला नव्हतीच. ती ऐनाच्या झाडाखाली तानीबाईबरोबर तिसऱ्या भागातला पहिला टप्पा तपासत होती. या भागात तिघं लागणार होते, आणि तिसरं कोण, याचा दोघी विचार करत होत्या.

तात्पर्य : बाळांनो, शपथ जरूर घ्यावी. घेतली म्हणजे ती गुपचूप मोडता येते आणि मोडल्याबद्दल हारही मिळतो. जो शपथच घेत नाही त्याच्याकडे मोडायला काही नसतं. अशा प्राण्यावर जंगलाने विश्वास तरी कसा ठेवायचा?