दहाला एक झाकण

"औषध म्हटलं की ते माझं खातं! तुम्ही काळजी सोडा, दादा!" केमिस्टाने फोनवर छाती पुढे काढून सांगितलं, आणि नेमकं तिथूनच सगळं बिनसायला लागलं.

फोनच्या पलीकडे त्याचा मेहुणा होता, म्हणजे बायकोचा थोरला भाऊ. या मेहुण्याकडे शर्यतीची एक गाडी होती. पिवळी, बुटकी आणि इतकी जमिनीलगत, की तिच्यात बसताना आधी गुडघे, मग कंबर आणि शेवटी अब्रूसुद्धा वाकवावी लागे! गाड्या पळवायचा ट्रॅक केमिस्टाच्या घराजवळ होता, म्हणून आदल्या दिवशी मेहुण्याने ती केमिस्टाच्या गॅरेजमध्ये आणून ठेवली होती. रविवारी सकाळी तो येणार, गाडी ट्रॉलीवर चढवणार आणि ट्रॅकवर नेणार, असा बेत होता.

"दाजी, साधं काम आहे," मेहुणा म्हणाला. "कॅनमधलं पेट्रोल टाकीत ओता. शेजारच्या खोक्यात ऑक्टेन बूस्टरच्या बाटल्या आहेत. जोरात पळवली की इंजिन आतून टकटक करतं ना, त्याच्यावरचं औषध आहे ते. किती घालायचं ते बाटलीवर लिहिलंय. वाचून घाला बरं का!"

ते 'वाचून' केमिस्टाला चांगलंच झोंबलं. डॉक्टरांची अक्षरं, जी खुद्द डॉक्टरांनाही दुसऱ्या दिवशी लागत नाहीत, ती हा माणूस काउंटरपलीकडून उलटी वाचत असे. त्याला बाटलीवरचं वाचायला सांगायचं? म्हणजे माशाला पोहायचा क्लास लावण्यातलाच प्रकार!

संध्याकाळी तो पांढरा कोट घालून गॅरेजात शिरला. हो, दुकानातला कोट! औषध द्यायचं म्हणजे कसं रीतसर दिलं पाहिजे. त्याने कॅन उचलला, टाकीत पेट्रोल ओतलं आणि दम खायला कॅन बाटल्यांच्या खोक्यावर टेकवला. कॅन गळका होता. उरलंसुरलं पेट्रोल खोक्यात झिरपलं आणि सगळ्या बाटल्या न्हाऊन निघाल्या. केमिस्टाने स्वच्छतेच्या सवयीने एकेक बाटली फडक्याने लख्ख पुसली. इतकी लख्ख, की लेबलावरची शाईही फडक्यावर आली! उरलं ते एवढंच: 'दहा', त्यापुढे एक निळा डाग, आणि मग 'ला एक झाकण'.

दहा कशाला? तुम्ही-आम्ही असतो तर मेहुण्याला फोन लावला असता. केमिस्टाला मात्र प्रश्नच पडला नाही. दुकानात दिवसातून कितीतरी आया लेकरांना कडेवर घेऊन यायच्या आणि तो विचारायचा, "वजन किती?" इतक्या किलोला इतकं औषध, हे त्याच्या अंगात भिनलं होतं. दहा म्हणजे दहा किलो, दुसरं काय असणार?

तेवढ्यात बायको दारात आली. ती गाडी शिकवायच्या शाळेत शिक्षिका होती. दिवसभर शिकाऊ माणसांशेजारी बसायचं, गोगलगाईच्या चालीने चौकाला वळसे घालायचे आणि जास्तीच्या ब्रेकवर पाय ठेवून जीव मुठीत धरायचा, अशी तिची नोकरी. त्यामुळे भावाच्या गाडीवर तिचा फार जीव.

"काय हो, शाई गेली वाटतं? दादाला विचारा ना एकदा!"

"केमिस्टाने डोस विचारायचा? उद्या गिऱ्हाइकं मला काय विचारतील मग? बरं, मला सांग, या गाडीचं वजन किती असेल?"

"तेराशे किलोच्या आसपास. का हो?"

"काही नाही. सहज."

तिची पाठ वळताच त्याने झाकण हातात घेतलं आणि सुरुवात केली. एक, दोन, तीन... चाळिशीच्या पुढे कुठेतरी आकडा हुकला. मग त्याने झाकणाचा नाद सोडला आणि बाटल्याच उपड्या केल्या. खोकं रिकामं झालं तरी हिशेबाने डोस थोडा कमीच पडत होता.

"असू दे," तो गाडीच्या टपावर थोपटत म्हणाला. "सुरुवातीला जरा हलकाच डोस बरा!"

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी ट्रॉलीवरून ट्रॅकवर उतरली. केमिस्ट कठड्याशी असा उभा होता, की जणू ती आता त्याच्याच औषधावर उडणार! बायको तर घरून हेल्मेट घालूनच आली होती.

"दादा, आज मला शेजारी बसवायचं हं! कबूल केलंयस तू!"

"बस की! पण किंचाळायचं नाही."

"मी? किंचाळायला विद्यार्थी असतात माझे!"

मेहुण्याचा एक मित्र टायरमधली हवा तपासत होता. त्याने विचारलं, "बूस्टर किती घालतोस रे?"

"दहा लिटरला एक झाकण. पन्नास लिटरची टाकी, म्हणजे पाच झाकणं. बास होतात." आणि मेहुणा वळून म्हणाला, "पाचच घातलीत ना, दाजी?"

केमिस्टाच्या तोंडचं पाणी पळालं. लिटर! किलो नव्हे, लिटर! अरे देवा!

"पाच?" तो कसाबसा म्हणाला. "हो... म्हणजे... पाच तर घातलीच!"

"आणि जास्त झालं तर काय होतं?" मित्राने विचारलं.

"जास्त झालं तर संपलंच मग!" मेहुणा हसून म्हणाला, दार ओढून घेतलं आणि गाडी सुरू केली. शेजारच्या खिडकीतून बायकोने हात हलवला. गाडी गुरगुरत निघून गेली.

संपलंच! केमिस्टाने कठडा घट्ट धरला. जास्त झालेल्या डोसाचं काय होतं, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? ताकदीच्या गोळ्या मूठभर खाल्लेला माणूस त्याने पाहिला होता. डोळे तारवटलेले, छाती भात्यासारखी! तो निदान माणूस होता. ही तर आधीच पेट्रोलने भरलेली टाकी, त्यात ताकदीचं अख्खं खोकं, आणि त्यावर त्याची बायको बसलेली!

गाडी पहिल्या फेरीत समोरून गेली. बायको हसत होती. केमिस्टाला वाटलं, आपण हे हसू शेवटचंच बघतोय. त्याच्या कपाळावरून घाम असा वाहू लागला, की चष्म्याला वायपर हवे होते! ओरडावं तर इंजिनांच्या गोंगाटात ऐकणार कोण? खरं सांगावं तर मेहुणा आयुष्यभर ऐकवणार. आणि बायको? ती काही बोलणार नाही, नुसती बघेल. ते जास्त वाईट.

दुसऱ्या फेरीत वळणावर आवाज आला, "फट्!"

केमिस्ट जागच्या जागी खाली बसला.

"काही नाही हो," मित्र म्हणाला. "खोकतेय जरा."

खोकतेय! झालं! हे पहिलं लक्षण! पुन्हा आवाज आला, "ठस्स! फट् फट्!" आणि केमिस्ट उठून धावत सुटला. शाळेत लंगडीतसुद्धा पहिल्यांदा बाद होणारा हा माणूस चपला मागे टाकून धावला, तो थेट ट्रॅकच्या कडेला उभ्या असलेल्या झेंडेवाल्यासमोर जाऊन आदळला.

"थांबवा! ती पिवळी गाडी थांबवा!"

झेंडेवाला भिंतीसारखा माणूस होता. "तुम्ही कोण?"

"मी... मी केमिस्ट!"

"मग? मी झेंडेवाला. गाडी का थांबवायची?"

आता खरं सांगायची वेळ होती. केमिस्टाने तोंड उघडलं, आणि भीतीने त्याच्या तोंडून भलतंच बाहेर काढलं.

"ड्रायव्हरने औषध घेतलंय! फार घेतलंय! त्याला कधीही चक्कर येईल!"

झेंडेवाल्याने पुढचं ऐकलंच नाही. लाल झेंडा वर गेला, भोंगा वाजला, सगळ्या गाड्या जिथल्या तिथे मंदावल्या आणि रुग्णवाहिका किंचाळत ट्रॅकवर शिरली. पिवळी गाडी खोकत खोकत कडेला थांबली. तिच्या मागून काळपट धूर निघत होता.

"गाडीपासून लांब व्हा!" केमिस्ट दुरून ओरडत होता. "अगं, बाहेर ये! पळ! आधी पळ!"

बायको निवांत उतरली, हेल्मेट काढलं आणि म्हणाली, "अहो, चपला कुठायत तुमच्या?"

ती उभी होती. धडधाकट! केमिस्टाचा जीव भांड्यात पडणार, तेवढ्यात त्याने पलीकडे पाहिलं. दोन दणकट माणसं मेहुण्याला गाडीतून ओढून स्ट्रेचरवर झोपवत होती.

"सोडा मला! काय झालंय काय?"

"शांत पडून राहा," ट्रॅकवरच्या डॉक्टरीणबाई त्याच्या डोळ्यांत बॅटरी मारत म्हणाल्या. "काय घेतलंय? किती घेतलंय?"

"मी सकाळपासून नुसता चहा प्यायलोय हो!"

"नाकबूल करतोय. असंच करतात," बाई मदतनिसाला म्हणाल्या. "पट्टे आवळ. पोट साफ करायची नळी काढ."

"नळी? कसली नळी? दाजी! अहो दाजी, सांगा यांना काहीतरी!"

तोवर ट्रॅकचा मॅनेजर धापा टाकत आला. "औषध घेऊन गाडी चालवतो? दुसऱ्यांचे जीव घेणार? याचा पास रद्द! पुन्हा या फाटकातून आत यायचं नाही. कायमचं!"

हे ऐकताच मेहुण्याचं ओरडणं एकदम थांबलं. पट्ट्यांखाली तो लहान मुलासारखा दिसायला लागला. आठवडाभर तो गोदामात पोती मोजायचा, आणि या एका सकाळीवर पुढचा आठवडा काढायचा. बहिणीने त्याचा हात धरला. मग तिने मान वळवली आणि नवऱ्याकडे बघितलं. नुसतं बघितलं.

केमिस्ट एक पाऊल पुढे आला. मघाची भीती मोठी, की ही मोठी, ते त्याला कळेना. मग मात्र तो असा ओरडला, की पलीकडच्या गाड्यांमधल्या माणसांनीही माना बाहेर काढल्या.

"औषध त्यांनी नाही घेतलं! गाडीने घेतलंय! मी दिलं! अख्खं खोकं! वजनावर!"

डॉक्टरीणबाईंच्या हातात नळी तशीच राहिली.

"वजनावर?" मेहुण्याने स्ट्रेचरवरूनच विचारलं.

"दहा किलोला एक झाकण... मला वाटलं..." केमिस्टाचा आवाज पार तळाला गेला. "आणि आता ती फुटणार आहे. तुम्ही सगळे लांब व्हा. मी थांबतो हवं तर."

मेहुणा हसायला लागला. पट्ट्यांमुळे त्याला नीट हसताही येईना. "अहो दाजी, फुटते कसली! इकडे या, जवळ या. भिऊ नका. आता ऐका. वर्गात एखादा पोरगा असतो ना, बाईंनी प्रश्न पुरा करायच्या आतच उत्तर ओरडणारा? साधं पेट्रोल तसं. इंजिनात जोराने दाबलं की ठिणगीची वाट न बघता मध्येच पेटतं. ती टकटक त्याचीच. हे औषध पेट्रोलला वाट बघायला शिकवतं. ताकद वाढवत नाही, धीर वाढवतं!"

"म्हणजे... मी त्याला..."

"तुम्ही त्याला जरुरीपेक्षा शांत केलंत! फुटायचा प्रश्नच नाही. फक्त औषधाची राख ठिणगीच्या प्लगवर बसते. आत्ता उघडून बघा, प्लग विटेसारखे तांबडे झाले असतील. म्हणून खोकतेय बिचारी. 'संपलंच' म्हणालो ते प्लगांबद्दल. टाकी रिकामी करू, प्लग बदलू, झालं."

मॅनेजरने डोक्यावरची टोपी काढली, पुन्हा घातली आणि मेहुण्याचे पट्टे सोडायला सांगितले. "पास राहू द्या याचा," तो पुटपुटला. "पण या केमिस्टांना फाटकाच्या बाहेरच ठेवा."

मेहुणा उठून बसला आणि बहिणीला म्हणाला, "तुझा नवरा येडा आहे. पण गाडी फुटणार म्हणतो आणि जवळ थांबतो म्हणतो! काय बोलणार?"

तिने पुन्हा नवऱ्याकडे पाहिलं. पण तिचं बघणं आता निराळं होतं, आणि केमिस्टाला त्यानेच जास्त गरगरलं. त्याच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले आणि तो सरळ त्या मोकळ्या स्ट्रेचरवर आडवा झाला.

डॉक्टरीणबाईंनी नाडी धरली आणि भुवया वर नेल्या. "अरे बापरे! ही नाडी आहे की शिलाई मशीन? चला, न्या यांना दवाखान्यात. निदान फेरी तरी फुकट जायला नको."

केमिस्टाला रुग्णवाहिकेत चढवलं. आत पडल्या पडल्या त्याने डोळे मिटले. अखेर सगळं संपलं होतं. फुटलं काही नव्हतं, सगळे जिवंत होते, आणि ही गाडी तरी शहाण्यासारखी सावकाश चालली होती.

पुढून, ड्रायव्हरशेजारच्या सीटवरून बायकोचा आवाज आला.

"भाऊ, रस्ता मोकळा आहे हो सगळा. जरा दाबा की!"

"बाई, पेशंटला धक्के बसतील."

"त्यांना सवय आहे. पुढच्या वळणावर ब्रेक नका मारू, नुसता गिअर उतरवा. मी सांगते तसं करा. हं, आता दाबा!"