चोवीस माणसं, पंचवीस बंदुका

निवडणुकीआधी जमा केलेल्या बंदुका परत न्यायला वाघविहिरीच्या ठाण्यासमोर चोवीस माणसं उभी होती, आणि आत कल्याण जमादार कपाळाला हात लावून बसले होते. प्रत्येक बंदुकीवर मालकाच्या नावाची चिठ्ठी त्यांनी स्वतः डकवली होती. डिंक संपला म्हणून घरून कणकेची खळ करून आणली होती. ती खळ उंदरांना इतकी आवडली, की त्यांनी चिठ्ठ्यासुद्धा शिल्लक ठेवल्या नाहीत. वहीत बघावं, तर तिथे चोवीस वेळा एकच मजकूर: 'दोननळी, काळी, दस्ता लाकडी.'

"ज्यानं त्यानं आपापली वळखून घ्या," जमादारांनी तोडगा काढला.

हे ऐकताच रांगेतले उत्तमराव टाचा उंचावून आत बघू लागले. बावीस वर्षं पलटणीचं शस्त्रागार सांभाळून हवालदार म्हणून निवृत्त झालेला हा माणूस. उद्या सकाळी नऊला नगरच्या एका बँकेत पहारेकरी म्हणून त्यांना रुजू व्हायचं होतं. तिथला साहेब बंदुकीचा नंबर परवान्याशी ताडून बघणार होता. जुळला नाही, तर नोकरी यादीतल्या पुढच्या माणसाला. उत्तमराव घाईने पुढे सरकले, पण तोवर त्यांची तेल पाजून चकचकीत ठेवलेली बंदूक पुंजारामनं खांद्याला लावलीसुद्धा. काष्टीच्या बाजारात बैलांचे सौदे करून करून पुंजारामचं तोंड चांगलंच धारदार झालेलं.

"पुंजाराम, ठेव ती. माझी हाय."

"तुझी कशी? माझ्या आज्यापास्नंची हाय. हात लावला की वळखतो मी."

"मग नंबर सांग तिचा."

"बंदुकीला कसला नंबर? मोटारसायकल हाय व्हय!"

सगळे हसले. उत्तमराव तापले. "आरं, फौजेत पाचशे रायफली एका साच्यातल्या. नंबर नसता तर कुनी गंजवली अन् कुनी हरवली, कसं कळनार? ज्याच्या नावावर नंबर, त्याची मान धरायची!"

"मंग तुजा सांग की."

"अवो, परवाना काढू का?" मागून त्यांच्या पत्नी भागीरथीबाई पिशवीत हात घालत म्हणाल्या.

"फौजीला कागद लागत न्हाई!" उत्तमरावांनी टाचा जुळवल्या, छाती काढली आणि ठाणं दणाणून सोडलं. "चार, सात, एक, नऊ, दोन!"

जमादारांनी चष्मा सारखा करून बंदुकीवरचा नंबर वाचला. "तीन, शून्य, आठ, आठ, सहा."

हशा उसळला. पुंजारामनं मिशीवरून हात फिरवला. उत्तमरावांना नोकरी डोळ्यांदेखत जाताना दिसली.

"अवो, तो भरती झाल्यावरच्या पहिल्या रायफलीचा नंबर," भागीरथीबाई पुढे आल्या. "कवायत शिकवनाऱ्या उस्तादानं असा घोकून घेतलाय, ताप आला तरी त्योच बडबडत्यात. लग्नाची तारीख इचारा, यायची न्हाई!" आणि त्यांनी परवाना जमादारांच्या नाकासमोर उघडून धरला. तीन, शून्य, आठ, आठ, सहा.

उत्तमरावांनी पुंजारामच्या हातातून बंदूक घेतली, तेव्हा उद्या नऊला बँकेत रुजू झाल्यासारखंच त्यांना वाटलं. मग त्यांच्या अंगात शस्त्रागार संचारलं. "परवाने काढा! एक रांग!" रॉकेलचा बोळा फिरवून ते एकेक नंबर वाचत गेले, आणि ज्याची बंदूक त्याच्या हातात पडत गेली. पुंजाराम मात्र परवाना घरी राहिला असं सांगून कोपऱ्यात फुगून उभा होता.

शेवटी दोन बंदुका उरल्या. एक गंजकी, नळीत कुंभारमाशीचं घर असलेली. दुसरी बरी. पुंजारामनं झडप घालून बरी उचलली.

"हीच माझी! लिवून घ्या, शपथेवर सांगतो!"

"पर दोन उरल्या कशा?" जमादार पुटपुटले. उत्तमरावांनी पुंजारामच्या हातातल्या बंदुकीचा नंबर वाचला. जमादारांनी जप्त मालाची वही उघडली, आणि कपाळावर हात मारून घेतला. "फौजी, ही तर गेल्या सालच्या दरोड्यात जप्त केलेली, ह्यात मिसळली! कुनी घरी नेली असती तर माझी नोकरीच गेली असती!"

त्यांनी उत्तमरावांना कडक सलाम ठोकला. मग सावकाश पुंजारामकडे वळले. "काय म्हनालात? ही तुमची? शपथेवर?"

"न्हाई, न्हाई साहेब!" हाताला चटका बसल्यासारखी पुंजारामनं ती खाली ठेवली आणि गंजकी बंदूक पोटाशी धरली. "ही माझी! ही, गंजकी!"

"कशावरून?" उत्तमरावांनी विचारलं.

पुंजारामनं खिशातून तो 'घरी राहिलेला' परवाना काढला आणि त्यावरचा नंबर सगळ्यांना ऐकू जाईल असा खणखणीत वाचला. दोनदा.