देवीपुढे इटली आणि ग्रीस

“तुमचा इस्वास बसायचा न्हाई, आन बसवूबी नका!” देवळाच्या पायरीवर बसता बसता सावळारामनं जाहीर करून टाकलं. “पर यंदाच्या उन्हाळ्यात म्या समुद्राकाठी चाललोय. इलायतेला! हवा खायला!”

आता पाली गाव राजगडाच्या पायथ्याला. तिथं हवा इतकी, की एकदा उडालेला पत्रा शोधायला माणसाला वेल्ह्यापर्यंत जावं लागायचं. त्या गावचा माणूस हवा खायला परमुलखात जाणार! एकाहत्तर सालच्या चैत्रात अख्ख्या पालीनं आ वासला.

खरी भानगड वेगळीच होती. आदल्या सांजेला कामथडीहून त्याचा मेव्हणा गेनबा आला होता. गेनबाच्या विहिरीतला गाळ दर वैशाखात काढायचा असे, आणि दाजी म्हणून पहिलं घमेलं सावळारामच्या डोक्यावर! मागच्या साली आठ दिवसांनी तो विहिरीतून वर आला तेव्हा चंद्राबाईनं, म्हणजे त्याच्या बायकोनं, त्याला ओळखलंच नाही. म्हशीबरोबर ओढ्यावर नेऊन घासला, तेव्हा कुठं नवरा निघाला!

यंदा गेनबाला दारात बघताच सावळारामची कंबर आपोआप धरली आणि जीभ आपोआप सुटली.

“औंदा जमायचं न्हाई, गेनबा. मला सायबाचं आवतान हाय.”

साहेब मात्र खरा होता. पौषात एक गोरा पाहुणा गड बघायला आला, सावळारामनं त्याचं बोचकं वर नेलं, खाली आणलं. दोघांना एकमेकांचं अक्षरही कळत नव्हतं, त्यामुळं दोघांचं फार जमलं. जाताना पाहुण्यानं दोन रंगीत चित्रं दिली. मागची अक्षरं शाळेच्या गुरुजींनी वाचून दाखवली. एक इटलीचा समुद्रकिनारा, दुसरा ग्रीसचा. इथवर खरं. पुढचं सगळं सावळारामचं.

“ह्या दोन गावांतलं एक निवड म्हनला, आन दोन म्हैनं ऱ्हायला ये.”

“तुमाला त्याची भाषा कळली, दाजी?”

“खुणांनी बोलला.”

“समदं खुणांनी?”

“सायबाचं हात लई लांब व्हतं!”

गेनबानं मान डोलावली. “मग कुठलं गाव निवडलं?”

“त्येच तर ठरंना!”

“ठरू द्या. तवर म्या हितंच ऱ्हातो,” म्हणत गेनबानं पटका खुंटीला अडकवला.

दुसऱ्या दिवसापासून चित्रं गावभर फिरू लागली. हातोहात, चुलीपासून गोठ्यापर्यंत! इटलीत कड्यावर घरं एकावर एक रचलेली, कोंबड्यांच्या खुराड्यांसारखी. ग्रीसची घरं अशी पांढरीधोप, की बघणारा डोळ्यांवर हात धरायचा.

“ह्या कड्यावर बैलगाडी कशी चढती रं?” देवीचा पुजारी कोंडिबा गुरव विचारी.

“बैलं तिथली तरबेज. शेळीवानी चढत्यात!”

“आन ह्या घरास्नी दर सालाला चुना कोन लावतं? त्यापायीच तर तुला बोलावलं न्हाई?”

चंद्राबाईची शंका निराळी होती. इटलीच्या चित्रात वाळूवर बोट ठेवून ती म्हणाली, “अवो, ही बया अशी उन्हात का पडलीया?”

“तिकडं थंडी लई. वाळत घालत्यात.”

“कुरडयांवानी?”

“व्हय, तशीच. सांजच्याला उचलून आत नेत्यात.”

“मग ह्या गावाला जायचं न्हाई!”

“बरं. ग्रीसला जातो.”

चंद्राबाईनं दुसरं चित्र डोळ्यांजवळ नेलं आणि किंचाळली, “हितं तर दोन वाळत घातल्यात!”

असे दहा दिवस गेले. सावळाराम आज इटली म्हणे, उद्या ग्रीस. गेनबा रोज सकाळी “ठरलं का, दाजी?” विचारी आणि पाच भाकरी खाऊन आडवा होई. अखेर चंद्राबाईच वैतागली. “भाऊ माझाच हाय, पर जात्याचा खुंटा झिजला! देवीला कौल लावा आन एकदाचं ठरवा!”

झालं! गाव देवळात लोटलं. कोंडिबानं ओल्या पाकळ्या देवीच्या दोन्ही खांद्यांना चिकटवल्या. “उजवी पडली तर इटली, डावी पडली तर ग्रीस. पर ध्येनात ठेव, सावळाराम! कौल झाला की जावंच लागतं. मागं एकानं देवीचा कौल मोडला, त्याची जीभ म्हैनाभर उचलली न्हाई!”

सावळारामनं देवीपुढं हात जोडले. हात गेला असता, पाय गेला असता, तर त्यानं सोसलं असतं. पण जीभ? तो मनात म्हणाला, ‘आई, दोन्ही पाकळ्या घट्ट धरून ठेव!’

आईनं ऐकलं. दुपार कलली तरी एक पाकळी हलेना!

कोंडिबानं डोकं खाजवलं. “देवी इचारात पडलीया. तिनं तरी ही गावं कुठं बघितल्यात? तिला म्हाईती पायजे. आपुन पोरगी देताना आदी काय बघतो? पानी! दोन्हीकडचं पानी कसं हाय, मोठ्यानं सांग!”

शंभर डोळे सावळारामवर खिळले. एवढे डोळे बघितले की त्याला राहवत नसे.

“पान्याचं काय इचारता! सायबानं दोन बाटल्या आनल्या व्हत्या. एकीत इटलीचा समुद्र, दुसरीत ग्रीसचा. चाख म्हनला, मग निवड!”

“आन तू चाखलास?”

“चाखला म्हंजी? इटलीचं पानी जरा जड. डाळ शिजायची न्हाई. पर ग्रीसचं! आहाहा! ग्वाड, शहाळ्यावानी! सगळी बाटली एका दमात रिकामी केली, आन सायबाला म्हनलं, आनखी हाय का?”

तोच दोन्ही पाकळ्या एकदम खाली पडल्या.

कोंडिबा कधी उजवीकडं बघतोय, कधी डावीकडं. एवढ्यात बायकांतून जाईबाई पुढं आली. वरंध घाटाखालच्या कोकणातून लग्न होऊन ती पालीत आली होती. तिनं पदर खोचला.

“देवीपुढं खोटं बोलता व्हय, सावळारामदादा? आवं, समुद्राचं पानी ग्वाड आसतं, तर माझ्या बापानं मिठागरात जलम कशाला घालवला आसता?”

हसण्यानं देऊळ दणाणलं. गेनबानं मात्र शांतपणे पटका बांधला आणि सावळारामचा दंड धरला.

“चला, दाजी. आमच्या हिरीचं पानी खरंच ग्वाड हाय. गाळाखाली हाय, येवढंच!”